उशीएवढं गर्भाशय

शिवणबाईंच्या शाळेत विज्ञानाच्या सरांना दर वर्षी एका ठरावीक आठवड्यात खोकला व्हायचा. आठवा धडा संपत आला की सरांचा घसा खवखवायला लागायचा, नवव्या धड्याच्या दिवशी सर रजेवर, आणि दहावा सुरू व्हायच्या सकाळी खडखडीत बरे होऊन हजर. नववा धडा माणसाच्या प्रजननाचा होता. पोरांनी त्याचं नावच खोकल्याचा धडा ठेवलं होतं. तो घरी वाचून यायचा असे. अख्ख्या पुस्तकातला तेवढा एकच धडा पोरं न सांगता वाचून यायची, तरी कुणाला काही कळायचं नाही, कारण त्यातली आकृती छापणाऱ्यानेसुद्धा मान वळवून छापली असावी. सगळं राखाडी, आणि बाण कुणाकडे दाखवतोय याचा पत्ता नाही.

या वर्षी मात्र शाळेला नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सांगून टाकलं की नववा धडा वर्गात शिकवला जाईल, आठ तास, मुलं आणि मुली एकाच खोलीत. समितीने परवानगी दिली होती, पण पाचर मारून ठेवलीच होती: दहा पालकांनी लेखी नकार दिला तर एकत्र वर्ग बंद, मुली एका खोलीत आणि मुलगे मैदानावर, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न.

"तर कोण घेणार?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात डोकावून पाहिलं. सरांना दोन आठवडे आधीच ढास लागली.

शिवणबाई कोपऱ्यात बसून खेळाच्या सरांच्या कोटाचं बटण लावत होत्या. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "मी घेते."

"तुम्ही?" सरांचा खोकला जागच्या जागी थांबला. "अहो, हा विज्ञानाचा विषय आहे."

"असेल. पण त्यात म्हणे अस्तर असतं. अस्तराबद्दल या शाळेत माझ्याहून जास्त कुणाला कळतं, तेवढं सांगा."

आता बाईंविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. वय एकावन्न, चष्मा कपाळावर, गळ्यात टेप, आणि साडीच्या पदराला कुठे ना कुठे टोचलेल्या चारदोन टाचण्या, त्यामुळे त्यांना मिठी मारायची तर आधी चौकशी करावी लागे. सव्वीस वर्षं त्या मुलींना शिवण शिकवत होत्या आणि तेवढ्याच वेळात पलीकडच्या खोलीत मुलगे सुतारकाम शिकत होते. दोन्ही विषयांना परीक्षा नाही, म्हणून मानही नाही. गणिताचा तास बुडाला की शिवणाच्या तासावर पहिली धाड पडायची. आता कुणीतरी त्यांना आठ तास, तेही न बुडणारे, देत होतं. बाई त्या दिवशी घरी चालत आल्या की उडत, हे गल्लीतल्या लोकांना नक्की सांगता आलं नाही.

रविवारी त्यांनी जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि जुना मरून पडदा कापायला घेतला. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. सारी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणते. ते डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसले होते.

"टोपी शिवतेयस?"

"गर्भाशय."

घड्याळजींनी भिंग काढून पुसलं. "आणि हे कान?"

"नळ्या आहेत त्या. आणि तुम्ही तर बोलूच नका. लग्नानंतर वर्षभर तुम्हाला वाटत होतं की बायकांची पाळी पगारासारखी एक तारखेला येते. कॅलेंडरवर खूण करून ठेवायचात."

"मला कुणी सांगितलं होतं? घड्याळाचं विचार, सांगतो."

"म्हणूनच शिवतेय," बाई म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या.

दुपारपर्यंत ऐवज तयार झाला. पडद्याची मरून पिशवी, दुहेरी कापडात कापूस ठासलेला, तोंडाला इलॅस्टिक, दोन्ही बाजूंना पायपिंग घालून वळवलेल्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला झालर, आणि आतून लाल साटिनचं अस्तर. अस्तराला टिचबटणं, म्हणजे महिन्याला ते कसं सुटून येतं आणि नवं कसं लागतं ते ओढून दाखवता यावं. काम इतकं सुबक की दिवाणखान्यात ठेवावं. साटिनचा रंग जातो का हे बघायला बाईंनी ते पाण्यातून काढलं आणि बाल्कनीत दोन चिमट्यांनी वाळत घातलं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मान वर केली. काकूंची मान त्याच कामासाठी बनली आहे.

"काय गं, शिंगांचं काय शिवलंस? नाटक आहे का शाळेत?"

"गर्भाशय आहे, काकू."

काकूंची मान खाली गेली. आयुष्यात प्रथमच. मग खालून हळू आवाज आला, "वाळलं की जरा आणतेस का खाली? बघीन म्हणते."

त्या संध्याकाळी बाईंच्या घरी जिन्यातल्या सहा बायका वाटीभर साखर मागायला आल्या. एकीनेही वाटी आणली नव्हती.

पहिला तास शिवणाच्या खोलीतच झाला. सहा पायमशिनी, मधोमध कापायचं लांब टेबल, भिंतीला कागदी साचे टांगलेले, आणि बेचाळीस पोरं. मुलगे त्या खोलीत पहिल्यांदाच शिरत होते आणि दवाखान्यात आल्यासारखे हात पोटाशी धरून उभे होते. बाईंनी प्रत्येकाला एक चिंधी, एक सुई आणि एक बटण दिलं.

"आम्हाला पण?" लंबू म्हणाला. हा वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, आवाज फुटत आलेला, वाक्याच्या सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक.

"तुझ्या शर्टाचं दुसरं बटण कुठे आहे?"

"तुटलं."

"मग पण-बिण काय करतोस, ओव दोरा."

यात बाईंची एक युक्ती होती. सव्वीस वर्षांत त्यांनी पाहिलं होतं की हात गुंतले की पोरींची तोंडं सुटतात. नजर सुईवर असली की कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, आणि समोरासमोर जे जन्मात विचारता येत नाही ते टाक्याटाक्याला बाहेर येतं. हे मुलग्यांनाही लागू पडेल का, एवढीच त्यांना धाकधूक होती.

बाईंनी मरून पिशवी टेबलावर ठेवली, टिचबटणं फटाफट सोडून अस्तर बाहेर ओढलं, परत लावलं, नळी कशाला, झालर कशाला, सगळं सांगितलं. सुरुवातीला खिदळणं झालं. मग खोली शांत झाली आणि सुया चालू लागल्या. दहा मिनिटांनी मान खाली घालूनच लंबूने विचारलं, "बाई, मुलींना त्या दिवसांत पळता येतं का?"

समोरच्या बाकावरून एका मुलीने मान वर न करता उत्तर दिलं, "गेल्या महिन्यात शंभर मीटरला तुला हरवलं ना, तेव्हा चालूच होती."

वर्ग असा हसला की पलीकडच्या खोलीतला करवतीचा आवाज थांबला. लंबू पण हसला, मग त्याने बटण इतक्या नेटाने लावलं की ते आजही त्या शर्टावर आहे, शर्ट विरला तरी. त्यानंतर प्रश्नांची रांग लागली. आवाज असा किती दिवस राहणार. दाढी उशिरा आली तर काही कमी असतं का. पाळीचं दुखणं सगळ्यांना सारखंच का नाही. घरी भांडी मीच का घासायची, भाऊ का नाही, याचं उत्तर कुठल्या धड्यात आहे. शेवटच्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, "कुठल्याच नाही. म्हणून ते घरी जाऊन विचारायचं."

तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. शिवणाच्या तासाला असं इतिहासात घडलं नव्हतं. बाईंनी आनंदाच्या भरात सुई डबीऐवजी पदरालाच टोचली.

चौथ्या तासानंतर मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं. टेबलावर एका कागदाची झेरॉक्स होती. "सात सह्या आल्यात. नकाराच्या. कोपऱ्यावरचा चावीवाला गोळा करतोय."

चावीवाल्याचं खोकं शाळेच्या फाटकाच्या बाजूलाच होतं, आणि त्याची थोरली मुलगी याच वर्गात होती. येणाजाणारा प्रत्येक पालक त्याच्यासमोरून जायचा. चावी करायला टाकली की तो किल्लीबरोबर हा कागदही पुढे करायचा.

शनिवारी पालकांची सभा ठरली. सभा संपताना दहा असल्या तर वर्ग बंद. बाई जिना उतरल्या त्या थेट फाटकाबाहेर. भांडायला कारण हवं म्हणून त्यांनी घराची किल्ली काढून खोक्यावर ठेवली.

"एक जोड करा. आणि हेही सांगा, माझ्या वर्गात तुम्हाला काय खुपलं?"

चावीवाल्याने किल्ली मशीनला लावली. माणूस हळू बोलणारा, हातात सतत कानस. "बाई, पोरगी दोन दिवस अर्धंच जेवतेय."

"का?"

"म्हणते, पोटात उशीएवढी पिशवी आहे. जास्त जेवलं तर दाबली जाईल. आणि महिन्याला म्हणे त्या सगळ्या पिशवीचं अस्तर सुटून बाहेर येतं. रात्रभर रडली. आता तुम्हीच सांगा, असलं पोरांना शिकवायचं कशाला?"

बाई भांडायला आल्या होत्या. त्यांची सगळी वाक्यं इस्त्री करून तयार होती: लाजायचं कशाला, काळ बदलला, वगैरे. एकही कामाला आलं नाही. शेवटच्या बाकावरूनही नीट दिसावं म्हणून त्यांनी पडद्याची अख्खी रुंदी वापरली होती. खरं केवढं असतं हे चारही तासांत सांगायचंच राहून गेलं होतं. पहिल्या दिवशी आलेल्या प्रत्येक मुलीला आधी टेप हातात देणारी, बोटभर चूक झाली तर अख्खी शिवण उसवायला लावणारी बाई, आणि तिनेच माप सांगितलं नाही.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

चावीवाल्याला हे अपेक्षित नव्हतं. त्याने मशीन बंद केलं. "असेल. पण सह्या सात झाल्यात. काही जणांना मापाशी घेणं नाही, त्यांना मुलं-मुली एकत्र नकोत. आता माझ्या हातात काय आहे?"

"कागद तर तुमच्याच हातात आहे," बाई म्हणाल्या, आणि किल्ली तशीच उचलून परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी पाचव्या तासाला त्यांनी मरून पिशवी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "हे चुकलंय. मी चुकवलंय." त्यांनी चावीवाल्याच्या थोरलीला पुढे बोलावलं. दोन वेण्या, डोळे सुजलेले. तिला मूठ मिटायला सांगितलं आणि टेप लावला.

"साडेसात सेंटिमीटर लांब. पाच रुंद. पूर्ण वाढलेल्या बाईचं एवढं असतं. तुझं याहूनही लहान असेल. आणि अस्तर म्हणजे एक पातळ पापुद्रा. सगळे दिवस मिळून दोनतीन मोठे चमचे रक्त."

थोरलीने स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. "एवढंसंच?" तिच्या आवाजात थोडी निराशा होती, असं म्हणतात.

"एवढंसंच. आता सगळ्यांनी कागदावर मापं घ्या. प्रत्येकाने एक शिवायचं. मुलग्यांनीसुद्धा."

दोन दिवसांत बेचाळीस गर्भाशयं झाली, मुठीएवढी, कुणाचं निळं, कुणाचं चट्ट्यापट्ट्याचं. लंबूच्या शिवणीचे टाके सगळ्यात बारीक निघाले, त्यामुळे चार मुली त्याच्यावर नाराज झाल्या. थोरली पोटभर जेवायला लागली. पण कागद तोवर खोक्यावर पडूनच होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यावर सह्या अकरा होत्या. लोकांनी एकदा केलेली सही म्हणजे बोलून चालून सही, ती पोर जेवायला लागली म्हणून आपोआप पुसली जात नाही.

शनिवारी सकाळी शिवणाची खोली पालकांनी भरली. छोट्या स्टुलांवर मोठी माणसं, गुडघे हनुवटीशी. चावीवाला पहिल्या रांगेत, मांडीवर सह्यांचा कागद. एका बाजूला त्याची बायको, दुसऱ्या बाजूला त्याची आई. आजीबाई सत्तरीच्या पुढच्या, आवाज असा की मोठ्या बाईंना घंटा वाजवावी लागली नाही. विज्ञानाचे सरही आले होते आणि दाराशी उभे होते, निघायला सोपं जावं म्हणून.

"बोलायच्या आधी एक काम," शिवणबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात कात्र्यांचा डबा होता. "प्रत्येकाने एक कागद घ्या. गर्भाशय केवढं असतं, तेवढं कापून दाखवा. विचारायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही. सर, तुम्हीपण."

कुरकुर झाली. कुणी म्हणालं, आम्ही काय बालवर्गात आहोत का. पण कात्री हातात आली की माणूस कापतोच. खोलीभर करकर सुरू झाली, आणि जीभ दातांत धरलेले चाळीसएक चेहरे दिसू लागले.

मग कागद वर झाले. चार मुलांच्या बापाने हातरुमालाएवढा तुकडा कापला होता. एका आईने तळहाताएवढा. कुणाचं ताट, कुणाचं पाकीट. सरांचं सगळ्यात देखणं होतं, नळ्या, झालर, सगळं जिथल्या तिथे, पण आकार बादलीएवढा, कारण त्यांनी जन्मभर फक्त फळ्यावरची आकृती पाहिली होती, तीही तिरक्या नजरेने. आजीबाईंनी कागद कापलाच नव्हता, अख्खा धरला होता.

"सात जणं मावलीत माझ्यात," त्या म्हणाल्या. "लहान कसं असेल?"

सगळ्यांचं हसू चावीवाल्यापाशी आलं. मापाचा माणूस तो. त्याने चार वेळा कडा नीट केल्या होत्या आणि त्या नीट करता करता कागद अंगठ्याएवढा उरला होता. शेजारी बायकोचा कागद शबनम पिशवीएवढा. त्याने एकदा तिच्या कागदाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या.

"तुलाही माहीत नाही?"

"कुणी कधी सांगितलं?" ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंत?"

बाईंनी टोपलीतून मुलांनी शिवलेली बेचाळीस गर्भाशयं काढून रांगेने दिली. ती हातोहात फिरली. लोक मूठ मिटून मिटून बघू लागले. "माझं चुकलं," बाई म्हणाल्या, "मी माप न सांगता मोठं शिवलं, आणि एका मुलीने त्यापायी दोन दिवस जेवण टाकलं. तिच्या वडिलांनी सह्या घेतल्या, मीही त्यांच्या जागी घेतल्या असत्या. पण आता तुमचे कागद बघा. ही मुलं तुम्हाला विचारायला आली, तर तुम्ही काय सांगणार होतात?"

कात्र्या अजून हातात होत्या आणि माना खाली. तेवढ्यात चावीवाल्याच्या बायकोने कागदाची कड कापत कापत विचारलं, "बाई, मला तीन मुलीच झाल्या. त्या माझ्यामुळे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बाईकडून येतं ते बीज एकाच प्रकारचं असतं. पुरुषाकडून दोन प्रकारचं येतं, एकाने मुलगी, एकाने मुलगा. त्यातलं कुठलं आधी पोचतं त्यावर ठरतं. बाईचा त्यात काही हात नसतो. आणि पुरुषाचाही दोष नसतो, कारण निवडता त्यालाही येत नाही."

बायकोची कात्री थांबली. आजीबाईंनी कागद मांडीवर ठेवला.

"म्हणजे चौदा वर्षं मी हिला बोलतेय ते..."

"हो आजी."

आजीबाईंनी हळूच मान वळवली. सुनेकडे नाही, मुलाकडे. "आणि तू ऐकत होतास. तोंडातून एक शब्द नाही."

"मला तरी कुठे माहीत होतं, आई."

"माहीत नव्हतं आणि सह्या गोळा करत होतास."

खोलीत जे हसू फुटलं त्यात सगळे होते, सह्या केलेले पण. फक्त चावीवाल्याची बायको हसली नाही. ती चौदा वर्षांचं काहीतरी खांद्यावरून उतरवावं तशी ताठ बसली, आणि मग तिनेच नवऱ्याच्या मांडीवरचा सह्यांचा कागद उचलून त्याच्या हातात दिला. पेन टेबलावर होतं.

चावीवाला उठला. त्याने स्वतःची सही खोडली, सरळ रेघेने, नीट. "दहा राहिल्या," मोठ्या बाई म्हणाल्या. दहा म्हणजे वर्ग बंद.

"तूच गोळा केल्यास ना," आजीबाई म्हणाल्या, "मग तूच जा."

तो स्टुलांमधून वाट काढत एकेकापाशी गेला, कागद पुढे धरला, आणि खाली बघत म्हणाला, "मापाचं तेवढं खोटं होतं. बाकी तुमचं तुम्ही ठरवा." हातरुमालवाल्या बापाने आधी पाहिजे तर मुलीला विचारतो म्हटलं, मग न विचारताच खोडली. आठ जणांनी सह्या काढल्या. दोघांनी नाही काढल्या, मुलं-मुली एकत्र आम्हाला पटत नाही म्हणाले, आणि ते ठामपणे, कुणावर न चिडता म्हणाले. दोन म्हणजे दहा नव्हेत. मोठ्या बाईंनी कागद फायलीत ठेवला आणि उरलेले तीन तास वेळापत्रकावर जाहीर केले.

लोक उठेनात. आजीबाईंनी एक निळं गर्भाशय मुठीत धरलं होतं आणि ते परत द्यायचं नाव काढत नव्हत्या.

"मुलांचं झालं," त्या म्हणाल्या. "आमचा तास कधी?"

शिवणबाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मी बसलो तर चालेल का?"

"सोमवारी साडेचारला," शिवणबाई म्हणाल्या. "बोटात अंगठी असली तर काढून या, दोरा अडकतो. किती जण?"

हात वर झाले. बाई मोजायला लागल्या, सव्वीसपर्यंत मोजलं, मग मागच्या रांगेत आणखी वर झाले तेव्हा मोजणं सोडून दिलं. पोरांनी मोडून-हरवून डब्यात सुया तीस उरल्या होत्या. सुयांचं दुकान शनिवारी बाराला बंद होतं, आणि बाराला पाच कमी होते. ज्या व्हरांड्यात पोरांना पळायची बंदी आहे, त्या व्हरांड्यातून एकावन्न वर्षांची बाई, गळ्यातला टेप मागे उडवत, धूम पळत गेली, आणि पलीकडच्या सुतारकामाच्या खोलीच्या खिडकीतून मान काढून लंबूने पाहिलं की त्यांना गाठणं त्यालाही जमलं नसतं.